केझायाची कढई

रुमाल खिशात ठेवा, मंडळी. आज या गावात नाकाला हात लावायचा नाही, असा रिवाज आहे. वास येतोय ना? येऊ द्या. मेंढ्यांची चरबी उकळतेय. इकडे या, चर्चच्या मागे. कबरस्तानाची ही दगडी भिंत बघा. सगळीकडे छातीएवढी, धडधाकट, आणि इथं मात्र आडव्या झोपलेल्या माणसाएवढं भगदाड. पडझड नाही ही. गावानं मुद्दाम ठेवलंय.

मी नगरकडची. नर्स म्हणून या ऑस्लमियरला आले, इथंच म्हातारी झाले, आता पाहुण्यांना चर्च दाखवते. ही हकिकत मला इथल्या म्हाताऱ्यांनी सांगितली. पण त्यातली माणसं ओळखायला मला इंग्रजी शिकावं लागलं नाही.

राणी व्हिक्टोरियाच्या काळात इथं लोहार होता, चाकं करणारा सुतार होता, खाटीक होता, आणि गावाच्या टोकाला केझाया टॅप्लो नावाची विधवा चरबीच्या मेणबत्त्या करायची. खाटकाकडची टाकाऊ चरबी आणायची, कढईत उकळायची आणि त्यात वाती बुडवून बुडवून मेणबत्त्या काढायची. चर्चमध्ये मधमाश्यांचं मेण जळे, पण गावातल्या घराघरात उजेड तिचाच. तरी ती समोरून आली की सगळे नाक मुरडायचे. खाटीक बार्नबी क्रीड तर तिला पाहून थुंकायचा म्हणे. चरबी विकायची यानं, आणि वास मात्र हिचा! रविवारी तिला आत जागा नव्हती. हात राखेनं घासघासून लाल करून यायची, तरी दाराबाहेरच्या दगडावरच बसून प्रार्थना ऐकायची.

तिला एकच गोष्ट हवी होती. नवरा रूबेन इथं, या भिंतीला लागून पुरलेला. मेल्यावर त्याच्या शेजारची जागा मिळावी. पाळक ॲम्ब्रोज फेल म्हणाले, "कढईखालचा जाळ कायमचा विझव, तर जागा देतो. पण शपथ घे." तिनं रूबेनच्या कबरीवर हात ठेवून शपथ घेतली. स्वतःच स्वतःच्या पोटावर पाय दिला म्हणा ना. कढई पालथी घातली आणि लोकांची धुणी धुऊ लागली. उरलेली चरबी क्रीड परत घेईना, ती पिंपातच सडत राहिली.

पुढे नोव्हेंबरात दलदलीपलीकडच्या गावात नवं चर्च उघडलं. सगळं ऑस्लमियर गाड्या जुंपून तिकडे गेलं. केझायाला गाडीत शेजारी कोण बसवून घेणार? ती राहिली, आणि राहिला घंटा वाजवणारा म्हातारा ओबेड. संध्याकाळी मंडळी परत निघाली आणि अर्ध्या वाटेत धुकं उतरलं. असं धुकं की गाडीवानाला स्वतःचा घोडा दिसेना. दलदलीतून जाणाऱ्या बांधावरून एक गाडी घसरली, लोक घाबरून खाली उतरले आणि पांगले. त्यांच्या हाका ऐकून ओबेडनं घंटेची दोरी धरली. पण धुक्यात घंटा चहूबाजूंनी वाजल्यासारखी वाटते. आवाजामागं गेलेले चिखलात आणखीच आत रुतले.

केझाया दारात उभी राहून त्या किंकाळ्या ऐकत होती. कंदील त्या धुक्यात कुणाला दिसणार? तिच्यापाशी होतं ते फक्त सडक्या चरबीचं पिंप. असं सांगतात, की ती आधी इथं आली, रूबेनपाशी. "आता मी तुझ्याशेजारी यायची नाही रे," एवढंच म्हणाली. मग घरी गेली आणि कढई सुलटी केली.

तो वास कसा असेल, विचार करा. महिनोन्‌महिने सडलेली चरबी, वर वळवळत्या अळ्या, खाली जाळ. पोटातलं ओठावर यावं अशी घाण. दलदलीत पोरंटोरं भडाभडा ओकली म्हणे. तेवढ्यात सुताराची बायको ओरडली, "अहो, ही तर केझायाची कढई! वासामागं चला!" वास दाट झाला की पाऊल पुढं, विरळ झाला की मागं वळायचं. एकमेकांचे कोट धरून सगळं गाव त्या घाणीच्या आधारानं काठाला लागलं. एकही जीव गेला नाही.

आणि वर आल्यावर काय केलं या लोकांनी? नाकाला रुमाल लावले! सगळ्यांत आधी पाळकसाहेबांनी. रुमालाआडून म्हणाले, "केझाया, तू शपथ मोडलीस."

"मोडली, साहेब. तुमचे पाय चिखलात होते."

साहेब पुढे निघून गेले. रविवारी प्रवचनात त्यांनी देवाचे आणि घंटेचे आभार मानले. घंटेचे! तिला नवी दोरी आली, आणि त्या दोरीला फुलं बांधायला खाटीक क्रीड सगळ्यांच्या पुढं. बाई बाहेर दगडावर बसून ऐकत होती. थू! मला किळस येते ती या कढईची नाही. चरबीचा वास साबणानं जातो हो.

त्याच हिवाळ्यात ती वारली. शपथ मोडली म्हणजे मोडली, फेलसाहेबांनी जागा दिली नाही. तिला कबरस्तानाबाहेर पूर, असा ओबेडला हुकूम दिला. बाहेर म्हणजे कुठं, ते सांगायचं मात्र राहून गेलं. ओबेडनं बाहेरच्या अंगानं, भिंतीला अगदी खेटून खड्डा खणला. आत रूबेन, बाहेर केझाया, मध्ये नुसती भिंत.

वसंतात तेवढीच भिंत ढासळली. गवंड्यानं बांधली, ती पुन्हा पडली. जितक्यांदा बांधावी तितक्यांदा पडे, आणि पडली की चर्चभर चरबीचा वास सुटे म्हणे. कुणी म्हणतं बर्फानं दगड सुटायचे. कुणी म्हणतं ओबेडच ते काढायचा. मी कधी खोलात गेले नाही. फेलसाहेब गेल्यावर गावानंच गवंड्याला सांगितलं, राहू दे आता.

आजही इथं कुणी दगड ठेवत नाही. आजही धुक्याच्या या महिन्यात भगदाडापुढं कढई चढते, आणि ढवळायचा मान क्रीडांच्या घराचा. तो बघा, डोळ्यांतून पाणी गाळत उभा आहे, तो आत्ताचा क्रीड. थोड्या वेळानं चर्चची दारं सताड उघडतील, धूर आत जाईल, कढईतली पहिली मेणबत्ती वेदीवर लागेल, आणि कुणीही नाक झाकणार नाही.

चला, आपणही आत जाऊ. पण भगदाडातून नको, असा वळसा घालून या. तिथं पाय देऊ नका, ती दोघं शेजारी आहेत.