शोकसभेतला सवाल

सांगलीचे प्रकाशक बाबूराव हुपरीकर गेले आणि त्यांच्या शोकसभेला मंत्री जगन्नाथ उगले हार घेऊन हजर झाले. त्यांना पाहताच बाबूरावांच्या पत्नी कुमुदताईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. बाबूरावांनी ऊसतोडीच्या बायकांवरची कादंबरी छापली, म्हणून याच माणसाने भरचौकात तिच्या प्रती जाळल्या होत्या.

मंत्री मात्र माइकसमोर गहिवरले. "बाबूरावांनी किती नव्या लेखकांना हात दिला! त्यांनी छापलेलं एकूण एक पुस्तक मी वाचलंय!"

टाळ्या थांबायच्या आत कुमुदताई उठल्या.

"साहेब, एवढंच सांगा. ती कादंबरी वाचून जाळलीत, की न वाचता?"

न वाचता म्हणावं, तर मंत्र्यांचं आत्ताचं बोलणं खोटं ठरत होतं.

"वाचूनच जाळली," मंत्री म्हणाले.

"मग तिच्यातलं काय खटकलं? नुसतं नायिकेचं नाव सांगितलंत तरी चालेल."

मंत्र्यांनी आपल्या स्वीय सहायकाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. शेवटी ते पुटपुटले, "तेव्हा वाचायला वेळ मिळाला नाही हो, ताई."

"काडी ओढायला बरा मिळाला!"

ताईंनी कादंबरीची कोरी प्रत मंत्र्यांच्या हातात ठेवली.

"ही नवी आवृत्ती, मी काढलेली. आधी वाचा. मग जाळावीशी वाटली, तर मला बोलवा. त्या दिवशी चौकात हे तुमच्यासमोर उभे होते, आता मी उभी राहीन."