भोपळ्याचा खटला

एकदा एका राज्याने पाच विद्यार्थ्यांना पाहुणे म्हणून ठेवून घेतलं, दाराला बाहेरून कुलूप लावलं, आणि पुढचं ठरवायचं राहून गेलं.

हे विद्यार्थी त्या राज्याचे नव्हते, डोंगरापलीकडच्या राज्याचे होते. तिथल्या राजाने पाठशाळेत प्रश्न विचारायला बंदी घातली. म्हणून मुलं राजवाड्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसली आणि तिथे प्रश्न विचारू लागली. अकरा दिवस विचारले. बाराव्या दिवशी शिपाई आले. संध्याकाळी पायऱ्यांवर नुसत्या चपला उरल्या होत्या. त्यातून पाच जण कसेबसे खिंड ओलांडून अलीकडे आले आणि पहिल्याच चौकीवर म्हणाले, "आम्हाला आसरा द्या."

चौकीवाल्याने वर विचारलं. दिवाण विचारात पडले. मुलांना परत पाठवावं तर तिकडे फाशी, आणि ते पाप आपल्या नावावर. मोकळं सोडावं तर तिकडचा राजा रागावणार, आणि मीठ तिकडूनच येत होतं. शेवटी दिवाण म्हणाले, "सध्या पाहुणे म्हणून ठेवा. बघू."

हे 'सध्या' चार वर्षं चाललं.

पाहुण्यांची सोय तुरुंगात केली होती, कारण रिकाम्या खोल्या तिथेच होत्या. त्या तुरुंगात प्रत्येक खोलीच्या दारावर एक पाटी असे, आणि आतला माणूस कधी सुटणार ती तारीख जमादार खडूने त्यावर लिहून ठेवी. या पाच जणांची पाटी कोरी होती. तरी जमादार ती रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसायचा. पाट्या रोज पुसायच्या असा नियम होता.

शेजारच्या खोलीत धोंडू नावाचा एक भाजीचोर येऊन-जाऊन असायचा. भाजी चोरली की एक महिना तुरुंग, हा तिथला कायदा. महिना भरला की चोराने मालकाच्या गावी जायचं, त्याच्या शेतात तीच भाजी पिकवायची आणि चोरली तेवढीच परत द्यायची. तेवढीच आहे की नाही, ते मालकाने ठरवायचं. तोवर चोराला तिथून कुणी हलवायचं नाही. धोंडूला एकदा इतका खवट मालक भेटला, की एका वांग्यासाठी तो दोन वर्षं राबला. चौथ्यांदा आत आला तेव्हा त्याने गजातून डोकावून विचारलं, "अरे, तुम्ही अजून आहात? असं केलंत तरी काय?"

"काही नाही," आतून उत्तर आलं.

"मग अवघड आहे," धोंडू म्हणाला.

या पाच जणांत सगळ्यांत मोठी होती मैना. तिचा धाकटा भाऊ हे सगळं घडण्याच्या आधीपासूनच अलीकडच्या एका गावात एका वृद्ध गुरुजींकडे शिकायला होता, म्हणून तो कुणाचा पाहुणा झाला नाही. दर सोमवारी तो दोन कोस चालत यायचा, गजांतून भाकरीचं गाठोडं आत सरकवायचा, आणि ताई त्याला प्रश्न विचारायची. विहिरीला पाणी किती आहे, गुरुजींचा गुडघा कसा आहे, दिवाण काही बोलले का, नाही तर का नाही. त्याला उत्तरं देता देता दम लागायचा.

एका सोमवारी ताईने काहीच विचारलं नाही. गाठोडं घेतलं आणि म्हणाली, "बरं. ये आता."

शिष्य परत आला आणि गुरुजींसमोर बसला. "गुरुजी, चार वर्षं तुम्ही नुसतं ऐकून घेताय. काहीतरी करा. ताईने आज एकही प्रश्न विचारला नाही."

गुरुजींनी हातातला विळा बाजूला ठेवला. "एकही नाही?"

"एकही नाही."

"मग घाई करायला हवी," गुरुजी म्हणाले आणि भोपळ्याच्या वेलाकडे गेले.

दुसऱ्या दिवशी दोघं तुरुंगात गेले. गुरुजींनी शेतातला सगळ्यांत मोठा लाल भोपळा घेतला होता. म्हणजे शिष्याने घेतला होता, गुरुजी बरोबर चालत होते. जमादाराने पाहुण्यांची खोली उघडली. गुरुजींनी भोपळा आत ठेववला, घोटभर पाणी प्याले, पाचही जणांकडे बघून हसले, आणि एक शब्द न बोलता निघाले.

वाटेत शिष्य म्हणाला, "गुरुजी, भोपळा तिथेच राहिला."

"हो."

"म्हणजे त्यांना दिला ना?"

"मी कुठे तसं म्हणालो?"

तिसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी थेट न्यायाधीशांपुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "महाराज, तुमच्या तुरुंगातल्या पाच जणांनी माझा भोपळा खाल्ला. तक्रार लिहून घ्या."

शिष्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग कारकून खरोखरच लिहायला लागला. "गुरुजी," शिष्य दबक्या आवाजात म्हणाला, "ती माझी बहीण आहे. चार वर्षं ती आत आहे, आणि तुम्ही तिला वर चोर ठरवताय? माझ्या भाकऱ्याही लिहून घ्या मग."

"भाकरी देताना तू 'घे' म्हणतोस," गुरुजी म्हणाले. "ती चोरीत बसत नाही. मी विचार केला होता."

शिष्याने त्यांच्याकडे पाठ केली.

पाचही जणांना आणलं. दिवाणही आले, कारण पाहुण्यांचं खातं त्यांचं होतं. पाचातला एक मुलगा आल्याआल्याच म्हणाला, "तिकडे माफीनामा लिहून दिला असता तर आम्ही कधीच घरी गेलो असतो. नाही लिहिला. आता चोर म्हणवून घ्यायचं?"

"माफीनाम्यात लिहायचं होतं ते खोटं होतं," गुरुजी म्हणाले. "हे खरं आहे का ते सांग. भोपळा खाल्लास की नाही?"

मुलगा म्हणाला, "खाल्ला."

"झालं तर."

न्यायाधीशांनी मैनाला विचारलं, "तूही खाल्लास?"

"खाल्ला. मीठ कमी होतं."

"कुणाला विचारून?"

"नाही विचारलं," मैना म्हणाली. "हल्ली आम्ही काही विचारत नाही."

शिष्य खाली बघू लागला. न्यायाधीशांनी कायद्याची पोथी चाळली. "गुन्हा कबूल आहे. शिक्षा एक महिना."

"महाराज," गुरुजी म्हणाले, "चार वर्षं झालीत की त्यांची. त्यातला महिना धरा."

"असं कसं?" दिवाण उठले. "भोपळा काल खाल्ला. शिक्षा आधी आणि गुन्हा नंतर, असं कुठे असतं? शिवाय ती चार वर्षं शिक्षा नव्हतीच."

न्यायाधीशांनी पोथी मिटली. "मग काय होतं?"

सगळे दिवाणांकडे बघू लागले. चार वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"पाहुणचार," दिवाण म्हणाले.

"असं होय," गुरुजी म्हणाले. "मग माझंच चुकलं. पाहुण्याने घरात ठेवलेलं खाल्लं तर ती चोरी नव्हे. तक्रार मागे घेतो. चला रे पोरांनो, पाहुण्यांना हवं तेव्हा उठता येतं."

पाचही जण खरंच उठले. बसलेली माणसं उठावीत तसे साधे उठले.

"थांबा," दिवाण म्हणाले. ते मनात हिशोब करत होते. आपल्या शत्रूंचा चार वर्षं पाहुणचार झाला, हे तिकडच्या राजाच्या कानावर गेलं तर मीठ बंद. पण भोपळेचोर म्हणून महिनाभर कोंडलं आणि कायद्याने शेतावर धाडलं, तर त्यात कुणाचं काय गेलं? भोपळ्यासाठी कुठला राजा रुसतो?

"शिक्षाच होती ती," दिवाण म्हणाले. "चांगली कडक शिक्षा होती. लिहून घ्या, चोर आहेत."

जमादाराने त्या दिवशी पहिल्यांदा कोऱ्या पाटीवर सुटकेची तारीख लिहिली. एक महिना मोजला, तर ती जवळपास चार वर्षांपूर्वीची निघाली. त्याने पुसून पुन्हा मोजली. तीच बरोबर होती. मग त्याने दार उघडलं आणि कुणाकडे न बघता बाजूला सरकला. आतून धोंडूने हाक मारली, "शेवटी केलंत ना काहीतरी? सुटलात."

गावाकडे जाताना पाच जण पुढे होते. चार वर्षांनी सरळ रस्ता मिळाल्यामुळे त्यांना चालायचं कुठे थांबवावं हेच कळत नव्हतं. मागे शिष्य गुरुजींना म्हणाला, "मी तुम्हाला नको ते बोललो."

गुरुजी म्हणाले, "चोराला शिक्षा होते, आणि शिक्षेला शेवट असतो. ज्याने काहीच केलेलं नाही, त्याची शिक्षा कुठून मोजायची? त्याला नुसतं 'बघू' म्हणतात. आणि 'बघू' म्हणणारा बघत नसतो. दिवाण काही दुष्ट नाहीत रे. त्यांनी फक्त त्या चार वर्षांना नाव दिलं नव्हतं. नाव द्यायला लावलं, की दार उघडावंच लागतं."

शिष्याने मान हलवली. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं. "पण गुरुजी, आता भोपळा परत देईपर्यंत ते तुमच्याकडे अडकले. तेवढाच आहे की नाही हे तुम्ही ठरवणार. मग त्यांच्या पाटीवर तारीख कुठे आहे?"

गुरुजी थांबले. "हे बरं विचारलंस," ते म्हणाले.

पाच जणांनी बिया लावल्या. वेल आले, भोपळे धरले. काढणीला गुरुजींनी सगळ्यांत मोठा भोपळा पुढे ठेवला. तो दोघांना उचलावा लागला होता. ते मैनाला म्हणाले, "तूच सांग. कसा आहे?"

मैनाने भोपळ्याकडे बघितलं, मग डोंगराकडे बघितलं. खिंडीत अजून पलीकडच्या राजाची चौकी होती. "लहान आहे," ती म्हणाली.

"लहान आहे," गुरुजींनी कारकुनाला कळवलं. कारकुनाने लिहून घेतलं.

पुढच्या हंगामात भोपळा त्याहून मोठा झाला. मैनाने तोही लहान ठरवला. गावाला दोन महिने भोपळ्याचीच भाजी खावी लागली, पण कुणी तक्रार केली नाही. असे चार हंगाम गेले. मधल्या काळात मैना गावातल्या मुलांना शिकवायला लागली. मुलांना उत्तरं देता देता तिला दम लागायचा.

पाचव्या हंगामात, काढणीला अजून अवकाश असताना, एक मीठवाला बातमी घेऊन आला. पलीकडचा राजा वारला होता, खिंडीतली चौकी उठली होती आणि पाठशाळेची दारं उघडली होती. पायऱ्यांवर लोक चपला आणून ठेवत होते, असंही तो म्हणाला.

मैना शेतात गेली. वेलांवर नुकते नारळाएवढे भोपळे धरले होते. तिने त्यातला एक तोडला आणि एका हातात धरून गुरुजींकडे आली. तिचा भाऊ तिथेच बसला होता.

"गुरुजी," तिने विचारलं, "हा तेवढाच आहे ना?"

गुरुजींनी भोपळा हातात घेतला आणि सगळ्या बाजूंनी नीट बघितला.

"अगदी तेवढाच," ते म्हणाले.