मुकादमाची सावर

कीड लागली की झाडं स्वतःच सुतारपक्ष्यांना हाक मारायची, त्या काळातली ही गोष्ट. एकदा रानात वणवा पेटला आणि सगळे सुतारपक्षी पांगले. ज्याला जे झाड मिळालं, तिथेच राहून तो त्यातल्या अळ्या काढू लागला. वणवा विझला, रान पुन्हा हिरवं झालं.

त्यांचा मुकादम मात्र जुन्या सावरीच्या ढोलीत एकटाच बसून होता. त्याने सगळ्यांना सांगावा धाडला, "उद्यापासून कामाला इथेच यायचं."

सगुणा नावाची सुतारीण म्हणाली, "मुकादम, माझा आंबा पार पलीकडच्या डोंगरावर. जाण्यायेण्यातच दिवस सरेल. आणि काम तर चाललंय की! झाडं बघा ना."

"झाडं कशाला बघू?" मुकादम म्हणाला. "मला टकटक ऐकू आली पाहिजे. नाहीतर काम चाललंय हे मला कळणार कसं?"

मग सगळे सावरीवरच चोची मारू लागले. तिच्यातल्या अळ्या पहिल्याच दुपारी संपल्या. पण टकटक थांबली की मुकादम ढोलीतून डोकं बाहेर काढायचा, म्हणून ते नुसतं लाकूडच टोचत राहिले. तिकडे डोंगरावरचा आंबा वाळत चालला. इकडे मुकादम खुशीत सांगायचा, "इतकं काम या रानात कधी झालंच नव्हतं."

एका सकाळी सावर कडाडून आडवी झाली. सगळे उडाले ते थेट आपापल्या झाडांकडे गेले. मोडलेल्या फांद्यांतून मुकादमाने डोकं बाहेर काढलं आणि दरडावून विचारलं, "काम का थांबलंय?"