टेक टू

पूर ओसरला, तरी छावणीतली माणसं ओल्या कपड्यांत कुडकुडत होती. ब्लँकेटांनी भरलेला ट्रक दारातच उभा होता, पण संस्थेचे अध्यक्ष विश्वंभरराव हटून बसले होते, "चॅनेलवाले आल्याशिवाय वाटप नाही!"

अखेर कॅमेरा आला. रांगेत पहिली होती हौसाक्का. "टेक वन!" पत्रकार ओरडला. रावांनी हसत ब्लँकेट दिलं.

"छे, मजा नाही!" पत्रकार म्हणाला. "आक्का, ते परत द्या, आणि या वेळी घेताना जरा रडा. टेक टू!"

हौसाक्काचं डोकं सणकलं. हातातलं ब्लँकेट तिनं मागच्या म्हातारीच्या अंगावर टाकलं आणि ट्रकमधून आणखी दोन ओढली.

"अहो, हे काय?" राव किंचाळले.

"टेक म्हंजे घे, एवढं इंग्रजी येतंय मला. टेक वन म्हणला, एक घेतलं. टेक टू म्हणला, दोन घेतली!"

रांग खदखदून हसली. कॅमेरा चालूच होता. त्याच्यासमोर हिसकावून घेणार कसं? राव नुसतेच घाम पुसत राहिले.

हौसाक्का पत्रकाराकडे वळली. "अजून शूटिंग झ्याक येईना व्हय? मग लाजताय कशाला दादा? म्हणा की एकदम टेक हंड्रेड!"