साळूच्या काट्यांचे कुंपण

डोंगरामागच्या एका रानात एक साळू राहत असे. अंगभर लांबलचक काटे आणि त्या काट्यांचा तिला कोण तोरा! त्या रानातल्या प्राण्यांना कड्याखाली विलक्षण धोंडे सापडले होते. बिळात एक धोंडा ठेवला की अख्खा हिवाळा ऊब मिळे. पण बाळांनो, हिवाळा सरून धोंडा मंदावला, की खरी पंचाईत तिथून सुरू होई. वरून विझलेला दिसला तरी त्याच्या पोटातला दाह जात नसे. त्याच्याजवळ जो रेंगाळे, त्याची लव गळे, भूक मरे आणि तो खंगत जाई. म्हणून रानातल्या एका जाणत्या कासवाने असे वापरलेले धोंडे वर्षानुवर्षे खोल डोहात बुडवून ठेवले होते.

होता होता डोह भरत आला. तेव्हा त्यातले जरा निवलेले धोंडे कातळात खोल पुरायचे ठरले. उकरण्यात साळूचा हात धरणारे रानात कोण होते? तिने मान मोडून काम केले, धोंडे पुरले, वर माती दाबली. कासव म्हणाले, "साळूताई, पुरलं म्हणजे संपलं नाही हं. हे विष आपल्या सगळ्यांच्या मागे उरणार आहे. जन्मेल त्या प्रत्येक पिल्लाला ही जागा दाखवायला हवी, कारण सांगायला हवं."

साळूने नाक मुरडले. "अहो कासवदादा, रोज उठून तेच पुराण कोण लावणार? मी इथे माझ्या काट्यांचं कुंपण घालते. बघून वाघसुद्धा वाट बदलेल!"

आणि खरोखर तसेच झाले. वाघ दुरूनच वळे, कोल्हा शेपूट घालून पळे. मग कासवही गप्प बसले आणि सांगायचे काम मागे पडले.

पुढे साळूला पिल्लू झाले. 'एवढ्याशा जिवाला आत्तापासून कशाला भीती घालायची?' असे म्हणून तिने त्याला काही सांगितले नाही. मग ते राहूनच गेले. पिल्लू वाढले, स्वतःसाठी बीळ शोधू लागले आणि एका कडाक्याच्या थंडीत दिसेनासे झाले. साळूने सारे रान पालथे घातले. शेवटी सापडले ते काट्यांच्या कुंपणाआत. खड्डा उकरून, उबेला अंगाचे मुटकुळे करून ते पडले होते. त्याचे काटे झडून मातीत पसरले होते.

"अरे माझ्या सोन्या, इथे कशाला आलास रे?" साळूने टाहो फोडला. "एवढे काटे लावलेत, दिसले नाहीत का तुला?"

पिल्लाने कसेबसे डोळे उघडले. "दिसले ना, आई. म्हणून तर आलो. मला वाटलं, आपल्यातल्याच कुणाचं घर आहे."

साळूने त्याला ओढत खड्ड्याबाहेर काढले. साऱ्या रानाला भिववणारी खूण तिने केली होती. पण काट्यांतच वाढलेल्या आपल्या लेकराला काट्यांचे भय कसले, हे तिच्या ध्यानीमनीही आले नव्हते. कासवाने पाला आणला, सशांनी मुळ्या आणल्या, पण पिल्लू वाचले नाही. साळूने रडत रडत खड्डा पुन्हा बुजवला. त्यानंतर रानात कुणाचेही पिल्लू चालू लागले की ती त्याला तिथे नेई आणि सारे समजावून सांगे. स्वतःच्या पिल्लाला मात्र तिने ते एकदाही सांगितले नव्हते.

तात्पर्य : आपल्या सुखामागे उरलेले विष गाडून टाकल्याने संपत नाही. त्यावर नुसती खूण करून भागत नाही, तिचा अर्थ पुढच्या पिढीला सांगत राहावा लागतो.