पत्र न लिहिणारे बहात्तर

एकदा एक तरुण वैद्य आपल्या वृद्ध गुरूंकडे मोठ्या उत्साहाने आला. त्याचे नाव विश्वंभर. त्याने काविळीवर एक काढा सिद्ध केला होता आणि बरे झालेल्या चाळीस रुग्णांची आभारपत्रे त्याच्या हातात होती. एका व्यापाऱ्याने ती छापून गावोगावी वाटलीही होती. काढ्याला मागणी वाढत होती.

"गुरुजी, ही वाचा आणि आशीर्वाद द्या."

गुरूंनी एकही पत्र उघडले नाही. "काढा एकूण किती जणांना दिलास?"

"एकशे बारा."

"मग उरलेल्या बहात्तर जणांना भेटून ये. आशीर्वादाचे नंतर पाहू."

विश्वंभरला ते लागले. म्हाताऱ्याला मत्सर वाटतो की काय, असेही त्याच्या मनात येऊन गेले. तरी तो निघाला.

महिन्याने परतला तेव्हा तो ओसरीवर टेकला. गुरूंनी पाणी दिले, ते त्याने तसेच ठेवले.

"त्रेसष्ट जण बरे आहेत," तो म्हणाला. "पण त्यातल्या पंचवीस जणांनी काढा घेतलाच नव्हता. कडू लागला म्हणून ओतून दिला. तेही इतरांइतक्याच दिवसांत बरे झाले."

"आणि बाकीचे नऊ?"

"गेले." "एका घरी बाई दारात आल्या. म्हणाल्या, 'मुलगा यांना शहरातल्या इस्पितळात नेणार होता, गाडीही ठरवली होती. पण यांनी तुमचा छापील कागद दाखवला. चाळीस माणसं खोटं बोलतील का, म्हणाले. शेवटच्या दिवशीसुद्धा काढा मागत होते.'"

गुरू म्हणाले, "त्या चाळिसांपैकी कोणी खोटे बोलले नाही. बहुतेकांची कावीळ विश्रांतीनेच उतरते. त्यांना वाटले, काढ्याने उतरली. बरा झालेला माणूस आभार मानायला येतो. मेलेला तक्रार घेऊन येत नाही. म्हणून वैद्याने त्याच्या दारी जायचे असते. औषध न घेणाऱ्यांचे काय झाले, हेही विचारायचे असते. मी तुला वनस्पती शिकवल्या, नाडी शिकवली. हे शिकवायचे राहिले. त्या नऊ मृत्यूंत माझाही वाटा आहे."

दुसऱ्या दिवशी विश्वंभर व्यापाऱ्याकडे गेला. "कागद छापायचाच असेल, तर हे सगळे छापा. नऊ मृत्यूही."

व्यापारी हसला. "वैद्यराज, असा कागद कोण वाचणार?"

विश्वंभरने काढा बंद केला. व्यापाऱ्याने आठवड्यात दुसरा वैद्य शोधला, आणि त्याच्याकडे तर साठ पत्रे होती. विश्वंभर बाजाराच्या दिवशी व्यापाऱ्याच्या दुकानासमोर उभा राहून गिऱ्हाइकांना विचारू लागला, "साठ बरे झाले खरे, पण दिले कितींना?" बहुतेक लोक त्याला टाळून आत जात.

एखादाच थांबे. त्या एकासाठी तो उभा राही.