तीन दोऱ्यांचं मनगट

एका राज्यात तीन विद्या होत्या, आणि तिघी एकमेकींवर रुसलेल्या होत्या. एक काढ्याची, एक शस्त्राची, एक मंत्राची. फार पूर्वी तीन गुरुबंधू सोन्याच्या एका खलावरून भांडले. गुरूंनी खल दगडाचा केला आणि शाप दिला, "तुमचे दोरे एका मनगटावर येईपर्यंत राजवाड्यात कुणाच्या हाताला यश येणार नाही." खल राजाच्या देव्हाऱ्यापाशी पडून राहिला, लोक शाप विसरले, रीत तेवढी उरली. वैद्य येई, रोग्याच्या मनगटाला आपला दोरा बांधी. दुसरा बोलवायचा, तर आधी आईनं पहिला दोरा कापायचा.

राणी कांतिमतीनं लेकीचे, रेवेचे, तिन्ही दोरे असेच कापले. उतार पडेना की कात्री, कात्री की नवा वैद्य. तिसरा दोरा कापला आणि मनगट गार पडलं.

त्याच दिवशी खिडकीत साळुंकी येऊन बसली. म्हणाली, "आई, केस मोकळेच? वेणी नाही घातलीस गं?" आवाज रेवेचा. राणी त्या आवाजावर जगली.

पुढं धाकट्या जयपाळाच्या पाठीत गळू उठलं, ज्वर भरला. काढ्याच्या वैद्याचा पिवळा दोरा बांधला, गुण येईना. राणीचा हात कात्रीकडे गेला.

"कापू नकोस, आई," साळुंकी म्हणाली. " तिघांना एकदम बोलाव. तिन्ही दोरे एका मनगटावर आले की जुना शाप सुटेल."

"आणि तू?"

"शापामुळेच बोलते मी. मग नुसती साळुंकी."

राणीनं कात्री खाली ठेवली. मग रेवेचे कापलेले दोरे तिनं पदराला बांधले, देवाला हात जोडले आणि अनवाणी निघाली.

वैद्य म्हणाला, "गळवं फोडणाऱ्या त्या न्हाव्याशेजारी मी बसू?"

शस्त्रवैद्य म्हणाला, "आधी त्या पालेवाल्याला उठवा."

मांत्रिक म्हणाला, "शस्त्राचं लोखंड आलं की देव उठून जातो, राणीसाहेब."

प्रत्येक दारात राणीनं ज्याचा त्याचा दोरा पुढं केला. "ओळखता?"

"माझाच."

"मी कापला. पण तुम्ही माझा हात का नाही धरलात?"

तिघेही राणीच्या मागोमाग आले.

जयपाळाच्या मनगटावर पिवळ्या दोऱ्याशेजारी तांबडा आला, पांढरा आला. मांत्रिक उशाशी मंत्र म्हणू लागला. त्या सुरात पोर शांत पडून राहिलं. शस्त्रवैद्यानं गळू फोडलं. वैद्यानं जखम धुऊन लेप लावला.

"हात हलका आहे हो तुमचा," वैद्य पुटपुटला.

"लेप जाड लावा, वैद्यबुवा. इथं हात आखडू नका."

सांजेला पोराला घाम फुटला, ज्वर उतरला. देव्हाऱ्यापाशी दगडी खल सोन्याचा झाला. राणीनं तिकडं पाहिलंही नाही. ती खिडकीकडे धावली.

"रेवे?"

साळुंकीनं मान वळवली, किलबिलली. नुसतीच किलबिलली.

राज्यातली रीत मोडली. राणी रोज सकाळी वेणी घालून खिडकीत दाणे ठेवी. साळुंकी दाणे टिपी आणि उडून जाई.

ज्या घरी कुणी अंथरुणाला खिळलं असेल, त्या घरी, देवा, दोरा बांधणारे हात मिळोत आणि कात्री हरवलेली राहो.